तंजावरात काय पाहावे, कुठे जेवावे?
सांबाराची दंतकथा आणि छत्रांचा इतिहास

दक्षिणेच्या सहलीला निघालेला मराठी माणूस तंजावरला पोचतो तेव्हा दोन गोष्टी त्याने मनाशी पक्क्या केलेल्या असतात. पाहायचे ते बृहदीश्वराचे मंदिर आणि खायचे ते सांबार. मंदिर चोळांचे, हे त्याला मान्य असते. पण सांबार मात्र आपले, अशी त्याची खात्री असते. संभाजीराजे तंजावरला आले, मुदपाकखान्यातले कोकम संपले होते, आचाऱ्याने आमटीत चिंच घातली आणि पाहुण्याच्या नावावरून त्या आमटीला ‘सांबार’ म्हणू लागले, ही कथा आता इतकी रूढ झाली आहे की ती इतिहास म्हणूनच सांगितली जाते.

‘काय पाहावे’ आणि ‘कुठे जेवावे’ हे प्रवाशाचे नेहमीचे दोन प्रश्न. तंजावरच्या बाबतीत ते इतिहासाचेही प्रश्न आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार एकत्र करायचा आहे. म्हणणे थोडक्यात असे की, सांबारावरचा आपला हक्क कच्च्या पुराव्यावर उभा आहे. मात्र तंजावरच्या मराठ्यांनी अन्नाच्या बाबतीत केलेले एक फार मोठे काम कागदोपत्री सिद्ध आहे, त्याच्या इमारती अजून उभ्या आहेत आणि त्याची आपल्याला जवळजवळ आठवण उरलेली नाही. हे काम म्हणजे तंजावर राज्यातली अन्नछत्रे.

तीन राजवटींचे शहर

कावेरीच्या मुखाकडचा प्रदेश म्हणजे तमिळ देशाचे भाताचे कोठार. या कोठाराच्या तोंडाशी तंजावर वसले आहे. ज्याच्या हाती तंजावर त्याच्या हाती भात, आणि ज्याच्या हाती भात त्याला मंदिरे बांधता येत, फौज ठेवता येई आणि पंगतीही घालता येत. शहराचा सगळा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

चोळांनंतर पांड्य आणि विजयनगर यांचा अंमल झाला. विजयनगरच्या छत्राखाली सोळाव्या शतकात येथे नायकांचे घराणे उभे राहिले. १६७३ साली मदुरेच्या नायकांनी तंजावरच्या नायकांचा पाडाव केला. त्या गोंधळात विजापूरच्या आदिलशाहीने आपला सरदार पाठवला; तो म्हणजे शहाजीराजांचा मुलगा आणि शिवाजी महाराजांचा सावत्र भाऊ व्यंकोजी ऊर्फ एकोजी. १६७६ च्या सुमारास एकोजींनी तंजावर आपल्याच ताब्यात घेतले आणि तेव्हापासून १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे १८० वर्षे, येथे भोसल्यांची गादी होती. साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या गाद्यांच्या मानाने हे राज्य लहान. पण तमिळ, तेलुगू, मराठी आणि संस्कृत या चारही भाषा दरबारात नांदवणारे.

पाहताना काय वाचावे

बृहदीश्वराचे मंदिर राजराज चोळ पहिला याने बांधले. ते १०१० साली पूर्ण झाले. सुमारे दोनशे फूट उंचीचे विमान पाहून मान दुखते हे खरे, पण इतिहासाच्या दृष्टीने डोळ्यांच्या पातळीवरचा दगडच अधिक बोलका आहे. जोत्यापासून भिंतींपर्यंत सर्वत्र शिलालेख आहेत. त्यांत देवाला दिलेले दागिने, मूर्ती, गावे यांच्या नोंदी आहेत, तशाच नैवेद्याच्याही आहेत. राजराजाची थोरली बहीण कुंदवै हिने स्थापिलेल्या मूर्तींना रोज किती तांदूळ, किती डाळ, तूप, दही, मिरे, केळी आणि विड्याची पाने लागतील याची मापे त्या लेखांत आहेत.

त्याहून महत्त्वाची आहे ती पैशाची व्यवस्था. मूळ रक्कम गावांच्या सभांना कर्जाऊ दिली जाई आणि दर काशूमागे वर्षाला अष्टमांश काशू, म्हणजे साडेबारा टक्के व्याज येई. त्या व्याजातून नैवेद्य चाले. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि अन्न अखंड चालू ठेवायचे, ही कल्पना तंजावरात हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरली गेली आहे. पुढे मराठ्यांची छत्रे याच कल्पनेवर चालली. मुद्दलाच्या जागी गावे आली, एवढाच फरक.

मंदिरातला महानंदी नायकांच्या काळातला. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणामार्गात नायककालीन चित्रांच्या थराखाली चोळांची मूळ चित्रे १९३१ साली उजेडात आली. एका राजवटीवर दुसरीचा थर, अशीच या शहराची एकूण घडण आहे. तिसरा थर मराठ्यांचा. प्राकाराच्या भिंतीवर सरफोजी दुसरा याने १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास देवनागरीत, मराठी भाषेत कोरवून घेतला. हा लेख इतका लांबलचक आहे की शिलालेख म्हणून त्याची गणना भारतातल्या सर्वांत मोठ्या लेखांत होते. त्याचा कर्ता बाबूराव चिटणीस. महाराष्ट्रातून आलेला प्रवासी हा लेख वाचू शकतो. म्हणूनच तो चुकवू नये. आठशे वर्षांपूर्वीच्या चोळ राजाच्या मंदिरात आपल्या घराण्याचा इतिहास कोरवावा असे सरफोजीला त्याच वेळी का वाटले, याचे उत्तर पुढे येईल.

मंदिरापासून राजवाडा चालत जाण्याच्या अंतरावर आहे. नायकांनी सुरू केलेला आणि मराठ्यांनी वाढवलेला हा वाडा. त्यातल्या कलादालनात चोळांच्या पंचधातूच्या मूर्ती आहेत, आणि तेथेच सरफोजीचा संगमरवरी पुतळा आहे. तो घडवला जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने. त्याच शिल्पकाराचे दुसरे काम शिवगंगा किल्ल्याजवळच्या श्वार्ट्‌झ चर्चमध्ये आहे. त्या शिल्पात मृत्युशय्येवरच्या श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याला भेटायला सरफोजी आला आहे. लहानपणी सरफोजीचे शिक्षण आणि संरक्षण याच जर्मन पाद्र्याने केले होते.

राजवाड्याच्या आवारातच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. ग्रंथालयाची सुरुवात नायकांची, पण त्याला आजचे रूप दिले सरफोजीने. संस्कृत पोथ्या सर्वांत जास्त. मराठी हस्तलिखितेही तीन हजारांच्या घरात आहेत. शिवाय तंजावर दरबाराचे मोडी कागद आहेत. छत्रांचा, मुदपाकखान्याचा, देणग्यांचा हिशेब या कागदांत आहे. तेव्हा ‘कुठे जेवावे’ या प्रश्नाचे जुने उत्तर शोधायचे तर त्याची वाट या ग्रंथालयातूनच जाते.

कोकम संपले, चिंच आली?

आता सांबाराची कथा तपासू. ती तंजावरच्या शाहजी राजाच्या काळात घडली असे सांगतात. शाहजी हा एकोजीचा मुलगा. त्याची कारकीर्द १६८४ ते १७१२. संभाजीराजांचा मृत्यू १६८९ साली झाला. म्हणजे ही भेट १६८४ ते १६८९ या पाच वर्षांतच बसवावी लागते. याच वर्षांत औरंगजेब दक्षिणेत तळ देऊन होता; १६८६ साली विजापूर आणि १६८७ साली गोवळकोंडा पडले. संभाजीराजांचा बहुतेक काळ मोगलांशी झुंजण्यात गेला. अशा वेळी छत्रपती चुलतभावाकडे जेवायला तंजावरला गेले असते तर त्या प्रवासाची नोंद कुठल्या ना कुठल्या दप्तरात ठळकपणे यायला हवी. कथा सांगणारे कोणीही असा समकालीन कागद पुढे ठेवत नाहीत.

कागदाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी स्वयंपाकघराचा मुद्दा उरतोच. आमटीला कोकमच हवे ही सवय कोकणची. देशावर चिंचगुळाची आमटी घरोघर होते. एकोजीचे तर सारे आयुष्य दक्षिणेत गेले. शहाजीराजांचा संसार बंगळुरास होता. अशा घराण्याच्या आचाऱ्याला चिंचेचा शोध कोकम संपल्यावर लागला, हे पटण्याजोगे नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर तमिळ स्वयंपाकात चिंचेचा कोळ घालून केलेले कुळंबू पूर्वापार आहे. त्या प्रदेशाला चिंच शिकवायला कोणी बाहेरून यायची गरज नव्हती.

नावाचे काय? संस्कृत ‘संभार’ म्हणजे सामग्री, जमवलेले साहित्य. मराठीत ‘केशसंभार’, ‘ग्रंथसंभार’ हे शब्द आपण वापरतो. पदार्थाच्या संदर्भात संभार म्हणजे मसाल्याचे साहित्य. विदर्भात तर कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात आणि तिच्या वड्यांना सांबारवडी. मसाल्याच्या या शब्दावरून मसालेदार वरणाला सांबार नाव पडणे अगदी सरळ आहे. त्यासाठी राजाच्या नावाची गरज पडत नाही. शब्द मराठीतून तमिळमध्ये गेला असण्याची शक्यता यामुळे उलट वाढते. पण ‘शब्द मराठी दरबारातून गेला असावा’ आणि ‘पदार्थ अमुक दिवशी अमुक राजासाठी जन्मला’ ही दोन विधाने वेगळी आहेत. पहिले अनुमान आहे, दुसरी दंतकथा.

दंतकथा सांगण्यात गैर काही नाही. तिचा तोटा असा की ती खऱ्या पुराव्याची जागा अडवून बसते.

शब्द आणि पोथ्या

खरा पुरावा कुठे आहे? पहिला तंजावरकडच्या घरगुती पदार्थांच्या नावांत. तिथे वांग्याच्या चिंचेतल्या रसभाजीला ‘रसवांगी’ म्हणतात. तमिळमध्ये वांग्याला ‘कत्तिरिक्काय’ असा स्वतःचा शब्द आहे. तरीही पदार्थाच्या नावात ‘वांगी’ टिकले. भाजलेल्या उडदाचे पीठ दह्यात कालवून केलेल्या तोंडीलावण्याला तिथे ‘डांगर पच्चडी’ म्हणतात. आपल्याकडचे उडदाचे डांगर ज्यांनी खाल्ले आहे त्यांना अधिक सांगायला नको. ‘पिटलै’ हे नाव पिठल्याची आठवण करून देते. पदार्थ मात्र वेगळा, डाळ, भाजी आणि भाजून वाटलेला मसाला यांचा. नाव राहिले आणि पदार्थ तिथल्या मातीचा झाला. दोन समाज शेजारी राहिले की स्वयंपाकघरात हेच घडते; त्यासाठी राजाच्या भेटीची गरज नसते.

दुसरा पुरावा पोथ्यांचा. रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताचा ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. धान्ये, भाज्या, पक्वान्ने, त्यांचे गुणदोष, जेवणाचे नियम असा त्याचा विस्तार आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी या ग्रंथकाराचा काळ आणि त्याचे संबंध शोधून काढले. नवहस्त हा समर्थ रामदासांच्या परिचयातला आणि पुढे एकोजीची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाला तंजावरास राहिलेला. म्हणजे मराठी मुलखातले अन्नाचे ज्ञान तंजावरला कसे पोचले याचा नावागावासह दुवा आपल्या हाती आहे.

पुढे सरफोजी दुसरा याच्या दरबारात ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ तयार झाले. सरफोजीच्या मुदपाकखान्यात ब्राह्मणी स्वयंपाक, मराठा पद्धतीचा सामिष स्वयंपाक आणि इंग्रजी स्वयंपाक अशा वेगळ्या व्यवस्था होत्या. दरबारी येणाऱ्या पाहुण्यांत शास्त्री होते, सरदार होते आणि कंपनीचे साहेबही होते. प्रत्येकाला त्याच्या रिवाजाप्रमाणे जेवायला घालायचे हे त्यामागचे तत्त्व. सरस्वती महालाने हा ग्रंथ छापला आहे. राजवाड्यात कोण काय जेवे हे त्यावरून कळते. पण राजवाड्याबाहेर, रस्त्याने चालणारा माणूस काय जेवत होता?

वाटेवरचे जेवण

रेल्वेपूर्व काळात या प्रश्नाला महत्त्व होते. काशीची गंगा रामेश्वराला घालायची आणि रामेश्वराची वाळू काशीला न्यायची, ही यात्रा देशभरचे लोक पायी करीत. उत्तरेकडून आणि महाराष्ट्राकडून येणाऱ्या अनेक यात्रेकरूंची वाट तंजावर राज्यातून जाई. तंजावरपासून रामेश्वर दोनशे किलोमीटरहून अधिक. पैसे देऊन जेवण विकत घ्यावे अशी सोय वाटेत नव्हती; शिवाय अन्न विकणे हे धर्मदृष्ट्या हलके मानले जाई. शिधा बरोबर न्यायचा, भिक्षा मागायची किंवा कोणी घातले तर जेवायचे, एवढेच मार्ग.

या वाटेवर टप्प्याटप्प्याने तंजावरच्या राजांनी आणि राण्यांनी छत्रे बांधली. छत्र हा शब्द आपल्या ‘अन्नछत्रा’तला, मूळ संस्कृत ‘सत्र’, तमिळमध्ये ‘चत्तिरम्‌’. ही कल्पना मराठ्यांची नव्हे. वाटसरूंना जेवू घालण्याची चाल तमिळ देशात जुनी होती, आणि मदुरेच्या राणी मंगम्माळची छत्रे प्रसिद्धच आहेत. मराठ्यांनी ती चाल उचलली आणि तिला राज्यव्यवस्थेचे अंग केले.

छत्रांची नावे पाहिली की एक गोष्ट लगेच लक्षात येते: ती बहुतेक बायकांची आहेत. निडामंगलमचे यमुनांबा छत्र, मणमेलकुडीचे द्रौपदांबा छत्र, शिवाय सकवारांबा, राजकुमारांबा, सुलक्षणांबा यांच्या नावांची छत्रे. किनाऱ्यावरच्या सेतुभावाछत्रम्‌ या गावाचे नावच छत्रावरून पडले आहे. अहिल्याबाई होळकरांनी उत्तरेत घाट आणि धर्मशाळा बांधल्या हे आपण शाळेत शिकतो. त्याच अठराव्या शतकात दक्षिणेत मराठी राण्यांच्या नावाने हे काम चालले होते, ते मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही.

सर्वांत नामांकित छत्र ओरत्तनाडचे. तंजावरच्या दक्षिणेला वीस-पंचवीस किलोमीटरवरचे हे गाव. मुक्तांबा ही सरफोजीची प्रिय स्त्री. विधिपूर्वक लग्नाची राणी नव्हे. तिच्या मृत्यूनंतर तिच्या स्मरणार्थ सरफोजीने १८०२ साली हे छत्र उभे केले आणि गावाला मुक्तांबापूर असे नाव दिले. इमारतीच्या बाजूंना रथ ओढणारे घोडे आणि हत्ती कोरले आहेत. प्रिय व्यक्तीसाठी राजे समाध्या बांधतात. इथे समाधीऐवजी स्वयंपाकघर बांधले गेले.

राजाचे एक पत्र

छत्रात नेमके काय मिळे, हे आपल्याला एका पत्रामुळे तपशिलाने कळते. त्या पत्राची पार्श्वभूमी अशी. अठराव्या शतकाच्या अखेरीस तंजावर खिळखिळे झाले होते. १७७३ ते १७७६ या काळात अर्काटच्या नबाबाने कंपनीच्या मदतीने राज्यच गिळले होते. १७८१ साली हैदर अलीच्या स्वारीने मुलूख उजाड झाला. सरफोजी १७९८ साली गादीवर आला तो कंपनीच्या मर्जीने. १७९९ च्या ऑक्टोबरातल्या तहाने मुलखाचा कारभार कंपनीने घेतला. राजाला वर्षाला एक लाख होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा मिळायचा, आणि सत्ता उरली ती तंजावरच्या किल्ल्यापुरती.

मुलूख गेला म्हणजे छत्रांना लावून दिलेली गावेही कंपनीच्या हातात जाणार. म्हणून १८०१ साली सरफोजीने रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला पत्र लिहिले. छत्रे आपल्याकडेच राहू द्यावीत अशी विनंती करताना त्याने तेथे काय चालते याचे सविस्तर वर्णन केले.

त्या पत्राचा आशय असा: ब्राह्मणापासून परयापर्यंत सर्व वाटसरूंना, तसेच जोगी, जंगम, अतीत, बैरागी अशा सर्व पंथांच्या यात्रेकरूंना शिजवलेला भात मिळतो. ज्यांना शिजवलेले चालत नाही त्यांना कोरडा शिधा मिळतो. वाढप मध्यरात्रीपर्यंत चालते. मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले असेल तर त्याने यावे, अशी हाक दिली जाते. आजारी वाटसरूला औषध आणि पथ्याचे जेवण मिळते, बरा होईपर्यंत त्याला ठेवून घेतात. तान्ह्या मुलांना दूध मिळते. गरोदर बाई छत्रात बाळंत झाली तर तिचा खर्च छत्र करते आणि तिला तीन महिने राहू देते. वाटेत मेलेल्यांचे अंत्यविधी त्यांच्या जातीच्या रिवाजाप्रमाणे होतात. परक्यांची पोरकी मुले छत्रातल्या पंतोजींच्या हवाली करतात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, चार दिवसांनी एकदा तेलाचे अभ्यंग, कपडे, औषध, आणि आवडीच्या विद्येचे शिक्षण मिळते. ती शिकून तयार झाली की त्यांच्या लग्नाचाही खर्च होतो.

म्हणजे छत्र ही नुसती पंगत नव्हती. एकाच छपराखाली भोजनशाळा, दवाखाना, बाळंतघर, शाळा आणि अनाथालय अशी ती संस्था होती. पत्रात सरफोजी पुढे म्हणतो की, तंजावर देश दानधर्मासाठी सर्वत्र ओळखला जातो, त्याला लोक धर्मराज्य म्हणतात, आणि हाच आपल्या पदाचा सर्वांत मोठा मान आहे.

हे वाक्य भावनेचे आहे तितकेच राजकारणाचेही. फौज गेली, वसूल गेला, न्याय गेला. राजा म्हणून उरण्यासाठी आता दुसरा आधार हवा होता. तो आधार म्हणजे उपाशी माणसाला जेवू घालण्याचा हक्क. १८०१ चे पत्र, १८०२ चे मुक्तांबा छत्र आणि १८०३ चा बृहदीश्वरातला मराठी शिलालेख ही तीन कामे पाठोपाठ झाली, हा योगायोग मानता येत नाही. सत्ता गमावलेला राजा आपण कोण आहोत हे तीन ठिकाणी लिहून ठेवत होता: कागदावर, दगडावर आणि पानावर. सरफोजीच्या हयातीत छत्रे चालू राहिली.

पंगतीच्या मर्यादा

या वर्णनाने भारावून जाण्यापूर्वी दोन गोष्टी लक्षात घ्यायला हव्यात. पहिली: पत्र राजाचे आहे आणि विनंतीसाठी लिहिलेले आहे. छत्राची चांगली बाजू त्यात येणारच. ‘ब्राह्मणापासून परयापर्यंत’ सर्वांना अन्न मिळे याचा अर्थ सर्व एका पंगतीला बसत असा नाही. शिजवलेले अन्न आणि कोरडा शिधा हा भेदच सोवळ्याची व्यवस्था दाखवतो. कोणीही उपाशी जाऊ नये ही भूमिका आणि जातीचा विचार या दोन्ही गोष्टी त्या छपराखाली एकत्र नांदत होत्या.

दुसरी: छत्रातला भात आकाशातून पडत नव्हता. तो लावून दिलेल्या गावांतून येई, आणि त्या गावांत राबणारे कुळवाडी व शेतमजूर स्वतः फार सुखात नव्हते. त्यांतले बरेचसे ‘परय’ आणि ‘पळ्ळ’ या जातींचे. ज्यांच्या श्रमावर छत्र चाले त्यांतल्याच कोणाला ओसरीबाहेर बसून त्याचा भात मिळत असेल. चोळांच्या शिलालेखातल्या व्याजाचा हिशेब आणि छत्राच्या मोडी हिशेबातला भाताचा आकडा, दोन्हींच्या मागे हेच चेहरे आहेत. त्यांची नावे कुठल्याही दगडावर नाहीत.

असे असूनही हे काम लहान ठरत नाही. अनोळखी माणसाचे जेवण ही राज्याची जबाबदारी आहे, आणि मध्यरात्री घंटा वाजवून ती पूर्ण झाली का हे तपासायचे, ही जाणीव त्या काळातल्या किती राज्यांनी दाखवली?

आगगाडी आली

१८५५ साली सरफोजीचा मुलगा शिवाजी पुत्राविना वारला आणि कंपनीने गादी खालसा केली. राजवाड्यातली खासगी मालमत्ताही जप्त झाली. राणी कामाक्षीबाईने त्याविरुद्ध दावा लावला, तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १८५९ साली राणीच्या विरुद्ध निकाल लागला. पुढे छत्रांचा कारभार सरकारी स्थानिक मंडळांकडे गेला. यात्रेकरूंच्या जेवणापेक्षा शाळा आणि दवाखाने यांवर पैसा खर्च करणे बरे, असे नव्या कारभाऱ्यांचे मत. त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण एकाच संस्थेत जेवण, औषध आणि शिक्षण एकत्र होते, ती जोडणी सुटली.

खरा घाव घातला तो आगगाडीने. नागपट्टिनमहून निघालेला लोहमार्ग १८६१ साली तंजावरला पोचला. १९१४ साली पांबनचा पूल झाला आणि गाडी थेट रामेश्वर बेटावर जाऊ लागली. जी वाट चालायला कित्येक दिवस लागत ती एका रात्रीची झाली. छत्रे पायी चालणाऱ्याच्या दमाच्या अंतरावर बांधलेली होती. वाटसरूच उरला नाही तेव्हा मधली गावे ओस पडली. प्रवासी आता स्टेशनवर उतरू लागला, आणि स्टेशनाजवळ पैसे घेऊन जेवू घालणारी हॉटेले निघाली. अन्न विकणे हलके मानणारा समाज दोन पिढ्यांत केळीच्या पानावरचे ‘मील्स’ पैसे मोजून जेवू लागला. जेवणाचा दर ठरला, तसा जातीचा प्रश्नही हळूहळू मागे पडला. छत्राच्या मध्यरात्रीच्या घंटेने जे साधले नाही ते पुढे काही अंशी पैशाने साधले. इतिहासात असे हिशेब सरळ नसतात.

आज तंजावरात

आज तंजावरात कुठे जेवावे? दुपारी केळीच्या पानावर जेवण मिळणारे कोणतेही गजबजलेले साधे हॉटेल चालेल. भात, सांबार, रसम, पोरियल, ताक हा क्रम मोडू नये. घरगुती ओळख असेल तर रसवांगी आणि डांगर पच्चडी मागावी. हॉटेलात ती सहसा मिळत नाहीत. तेरा किलोमीटरवर तिरुवैयारू आहे. तिथे मुगाच्या डाळीचा, तुपात न्हालेला ‘अशोका’ हलवा प्रसिद्ध आहे. त्याच गावी कावेरीकाठी त्यागराजांची समाधी आहे. सरफोजीच्याच काळात हा थोर रचनाकार राजाश्रय दूर ठेवून उंच्छवृत्तीने, म्हणजे आपल्या भाषेत माधुकरी मागून राहिला. छत्राची पंगत आणि माधुकरीची झोळी, दोन्ही एकाच काळातल्या आणि एकाच नदीकाठच्या.

आणि काय पाहावे? मंदिर, राजवाडा, ग्रंथालय, चर्च हे तर झालेच. एक दिवस अधिक असेल तर ओरत्तनाडला जावे. छत्राच्या भिंतीवरचे दगडी घोडे पाहावेत. जमल्यास निडामंगलमही पाहावे. जुन्या छत्रांपैकी काहींत शाळा आणि वसतिगृहे भरली, काही पडझडीला लागली आहेत. त्यांच्या जमिनींचा कारभार अजून तंजावरच्या जिल्हा प्रशासनातले छत्रखाते पाहते. म्हणजे कागदोपत्री ही संस्था पूर्ण मेलेली नाही.

छत्रांचे उरलेले आयुष्य आता सरस्वती महालातल्या मोडी कागदांत आहे. तमिळ विद्यापीठाने या कागदांपैकी काहींचे तमिळ अनुवाद १९८९ साली तीन खंडांत काढले. तमिळ अभ्यासक छत्रांविषयी लिहितात ते त्यांच्या आधारे. विचित्र स्थिती अशी की मूळ कागद मराठी, पण ते वाचण्यासाठी मराठी अभ्यासकाला तमिळ भाषांतर शोधावे लागते, कारण मोडी वाचणारे आपल्याकडेच विरळ झाले. एका वाटीतल्या सांबारावर हक्क सांगताना आपण उत्साही असतो. ज्या दप्तरात रोज किती माणसे जेवली, किती आजारी बरे झाले, किती पोरकी मुले शिकली याचा हिशेब आहे, ते दप्तर आपली वाट पाहत पडून आहे. मोडी शिकलेल्या दोन-चार तरुणांनी एखाद्या छत्राचा एका वर्षाचा जमाखर्च वाचून मराठीत छापला, तर कोकम संपल्याच्या शंभर कथांपेक्षा तंजावरच्या मराठ्यांविषयी आपल्याला त्यातून अधिक कळेल.